इंग्रजीत नाराजी कशी लिहायची? ‘डिसअपॉइंटेड’चा नेमका अर्थ, नेहमीच्या चुका आणि तक्रारीचा साधा साचा

शिंदखेड्यात मोबाईल घरपोच येतो, पण तो विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस बेंगळुरू किंवा गुरुग्रामला असतं. दोंडाईचाच्या मुलाने पुण्यातल्या कंपनीत मुलाखत दिली, तरी निवड झाली नाही हे कळवणारा मेल इंग्रजीतच येतो. नरडाण्याच्या विद्यार्थिनीला ऑनलाइन कोर्सचे पैसे परत हवे असतील, तर समोरच्या चॅटला मराठी समजेलच असं नाही.

अशा वेळी मनात नाराजी भरपूर असते, पण लिहायला बसलं की गाडी अडते. मग मेल जातो तो दोनपैकी एका प्रकारचा. एक तर ‘काइंडली डू द नीडफुल’ इतका मिळमिळीत, नाहीतर ‘यू पीपल आर फ्रॉड’ इतका जहाल. पहिल्यातून नेमकं काय हवंय तेच कळत नाही आणि दुसऱ्याला उत्तर द्यायला कुणी पुढे येत नाही. नुकसान दोन्हीकडून लिहिणाऱ्याचंच होतं. पैसे अडकतात, मुदत निघून जाते.

मग इंग्रजीत नाराजी स्पष्ट आणि बरोबर कशी लिहायची? (या लेखातली इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

‘डिसअपॉइंटेड’ म्हणजे नक्की काय?

मराठीत नाराजीच्या अनेक छटा आहेत. नाराज होणं, निराश होणं, हिरमुसणं, वाईट वाटणं, अपेक्षाभंग होणं. यातला ‘डिसअपॉइंटेड’च्या सगळ्यात जवळचा शब्द आहे अपेक्षाभंग.

या शब्दाचा इतिहासही तेच सांगतो. ‘अपॉइंट’ म्हणजे नेमणं, ठरवणं. त्याला ‘डिस’ जोडून झालेला शब्द जुन्या फ्रेंचमधून पंधराव्या शतकात इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा अर्थ होता नेमलेल्या पदावरून काढून टाकणं. पुढे तो ठरलेलं मोडणं आणि त्यातून अपेक्षा मोडणं असा बदलत गेला.

म्हणजे या शब्दाच्या मुळाशी काहीतरी ठरलेलं आहे. काय ठरलं होतं हे सांगितल्याशिवाय नुसतं ‘आय ॲम डिसअपॉइंटेड’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला तुमची भावना कळते, पण तक्रार कळत नाही.

स्पेलिंगची एक खूण लक्षात ठेवा. आधी ‘डिस’ लिहायचं, मग ‘अपॉइंट’ पूर्ण लिहायचं. म्हणजे एस एकच येतो आणि पी दोन येतात. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मराठीतून येणारे चकवे शब्द

काही इंग्रजी शब्द मराठीत इतके रुळलेत की त्यांचा आपला अर्थ वेगळाच झालाय. लिहिताना ते घात करतात.

नर्व्हस: ‘निकाल लागल्यापासून तो नर्व्हस आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो खट्टू झालाय असं सांगायचं असतं. इंग्रजीत ‘नर्व्हस’ म्हणजे धास्तावलेला, पुढे काय होईल या भीतीने अस्वस्थ. रिफंड मिळाला नाही म्हणून कुणी नर्व्हस होत नाही, डिसअपॉइंटेड होतं.

डिप्रेस्ड: निराश झालो म्हणून हा शब्द सहज वापरला जातो. पण त्याला वैद्यकीय अर्थ आहे. सेवेबद्दलच्या तक्रारीत तो टाळलेला बरा.

होपलेस: ‘तुमची सर्व्हिस होपलेस आहे’ हे मराठी बोलण्यात खपून जातं. इंग्रजीत लिहिल्यावर ते थेट अपमान करणारं वाटतं.

हर्ट: ‘आय ॲम हर्ट’चा अर्थ दुखावलो असाही होतो आणि शरीराला इजा झाली असाही. जवळच्या माणसाला लिहिताना ठीक आहे, कंपनीला लिहिताना नको.

फ्रस्ट्रेटेड: पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही काम होत नसेल तेव्हाची चीड. पाच वेळा फोन करूनही दाद लागली नाही, तर हा शब्द योग्य आहे. पहिल्याच मेलमध्ये तो वापरला तर अति वाटतो.

‘डिसअपॉइंटेड’ की ‘डिसअपॉइंटिंग’?

नियम सोपा आहे. ज्याला वाईट वाटलं तो ‘डिसअपॉइंटेड’ आणि ज्या गोष्टीमुळे वाटलं ती ‘डिसअपॉइंटिंग’.

‘आय ॲम डिसअपॉइंटेड’ म्हणजे माझा अपेक्षाभंग झालाय. ‘द सर्व्हिस वॉज डिसअपॉइंटिंग’ म्हणजे सेवा अपेक्षेपेक्षा कमी पडली. पण ‘आय ॲम डिसअपॉइंटिंग’ लिहिलं तर अर्थ होतो, मीच लोकांचा अपेक्षाभंग करणारा माणूस आहे. तक्रार करायला जाऊन स्वतःवरच तक्रार होते.

‘आय ॲम व्हेरी मच डिसअपॉइंट’ हेही चूक. ‘व्हेरी डिसअपॉइंटेड’ पुरेसं आहे.

पुढे कोणता शब्द जोडायचा?

मराठीत आपण ‘तुमच्या सेवेमुळे’, ‘तुमच्याकडून’ असं म्हणतो. त्यातून ‘डिसअपॉइंटेड फ्रॉम युवर सर्व्हिस’ असं वाक्य तयार होतं. इंग्रजीत इथे ‘फ्रॉम’ येत नाही. त्याऐवजी हे जोड वापरा.

विथ: वस्तू, सेवा किंवा निकाल यांच्यासाठी. ‘आय ॲम डिसअपॉइंटेड विथ द क्वालिटी ऑफ द प्रॉडक्ट.’

बाय: ज्या कृतीमुळे अपेक्षाभंग झाला तिच्यासाठी. ‘आय वॉज डिसअपॉइंटेड बाय द डिले.’

ॲट किंवा अबाउट: घटना किंवा बातमीसाठी. ‘वी वेअर डिसअपॉइंटेड अबाउट द कॅन्सलेशन.’

इन: माणसासाठी, आणि तेही विश्वासाला तडा गेला असेल तेव्हा. ‘आय ॲम डिसअपॉइंटेड इन यू’ हे वाक्य फार जड आहे. वडील मुलाला किंवा शिक्षक विद्यार्थ्याला म्हणतात तसं. कस्टमर केअरच्या अनोळखी कर्मचाऱ्याला ते लिहू नये.

जोड आठवत नसेल तर सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे ‘दॅट’. त्यापुढे काय झालं ते पूर्ण वाक्यात लिहायचं. ‘आय ॲम डिसअपॉइंटेड दॅट द पार्सल हॅज नॉट अराइव्ह्ड.’ यात व्याकरण चुकण्याची शक्यता कमी होते आणि तक्रारही लगेच कळते.

तीन ओळींचा साचा

वर पाहिलं तसं या शब्दाच्या मुळाशी ठरलेली गोष्ट आहे. म्हणून तक्रारीचा साचाही तीन प्रश्नांवर उभा राहतो.

१. काय ठरलं होतं?
२. प्रत्यक्षात काय झालं?
३. आता काय हवं आणि कधीपर्यंत?

समजा, ॲपवरून मागवलेल्या फोनची स्क्रीन फुटलेली निघाली. मेल असा लिहिता येईल.

‘आय ऑर्डर्ड अ फोन फ्रॉम युवर ॲप ऑन फाइव्ह जून. इट वॉज डिलिव्हर्ड ऑन ट्वेल्व्ह जून विथ अ क्रॅक्ड स्क्रीन. आय रिपोर्टेड धिस ऑन द सेम डे अँड वॉज टोल्ड दॅट अ रिप्लेसमेंट वुड अराइव्ह विदिन सेव्हन डेज. इट हॅज नॉट अराइव्ह्ड. आय ॲम डिसअपॉइंटेड दॅट धिस प्रॉमिस वॉज नॉट केप्ट. प्लीज सेंड द रिप्लेसमेंट ऑर रिफंड द फुल अमाउंट बाय थर्टी जून.’

अर्थ: ५ जूनला फोन मागवला. १२ जूनला तो फुटलेल्या स्क्रीनसह मिळाला. त्याच दिवशी कळवलं, तेव्हा ७ दिवसांत बदलून देऊ असं सांगण्यात आलं. अजून आलेला नाही. दिलेला शब्द पाळला गेला नाही याबद्दल नाराजी आहे. ३० जूनपर्यंत फोन बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा.

यात नाराजीचं वाक्य एकच आहे. बाकी सगळ्या तारखा आणि घटना आहेत. तरी मेल मऊ वाटत नाही, कारण समोरच्याला नाकारता येईल असं त्यात काही नाही.

विषयाच्या ओळीत ‘कम्प्लेंट’ एवढंच लिहू नका. ‘क्रॅक्ड स्क्रीन – रिप्लेसमेंट नॉट रिसीव्ह्ड’ असं लिहिलं आणि पुढे ऑर्डर नंबर दिला, तर मेल थेट संबंधित माणसाकडे पोहोचायला मदत होते.

फुले आणि आंबेडकरांनी इंग्रजीत नाराजी कशी मांडली?

आधी ठरलेलं, मग घडलेलं, मग मागणी हा क्रम आजचा नाही. महाराष्ट्रातल्या दोन गाजलेल्या इंग्रजी दस्तऐवजांतून त्याची ताकद दिसते.

पहिला १८८२ सालचा. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने शिक्षणाची पाहणी करायला विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी या आयोगापुढे इंग्रजीत निवेदन दिलं. सरकारचा मोठा महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, ही त्यांची तक्रार होती. ते तक्रारीवर थांबले नाहीत. किमान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षकाचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, अशा नेमक्या मागण्या त्यांनी आकड्यांसह मांडल्या. वाचणाऱ्याने पुढे काय करायचं, हे त्या निवेदनात स्पष्ट होतं.

दुसरा १९५१ सालचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये केंद्रीय कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला त्यांना संसदेत निवेदन करायचं होतं. त्याची प्रत आधी द्यावी, असा आग्रह उपसभापतींनी धरला, तेव्हा ते सभागृहातून बाहेर पडले आणि ते निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिलं. त्या इंग्रजी निवेदनात राजीनाम्याची कारणं एकेक करून मांडलेली आहेत. मंत्रिमंडळात मिळालेली वागणूक, मागासवर्गीय आणि अनुसूचित जातींकडे झालेलं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण आणि हिंदू कोड बिल. प्रत्येक मुद्दा वेगळा आणि त्यासोबत घटनाक्रम. हिंदू कोड बिल कधी मांडलं गेलं आणि किती कलमं मंजूर होऊन ते सोडून देण्यात आलं, हेही त्यात आहे.

मोबाईलची तक्रार आणि ही निवेदनं यांची बरोबरी होत नाही. पण शिकण्यासारखं एक आहे. दोघांचीही नाराजी खोल होती, पण तिचा भार विशेषणांवर न टाकता वस्तुस्थितीवर टाकलेला होता.

खान्देशी मेलमध्ये हमखास दिसणाऱ्या चुका

घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि मेलमध्ये इंग्रजी असा तीन भाषांचा प्रवास इथली अनेक मुलं करतात. त्यात आधीच्या भाषेची वाक्यरचना सोबत येणं साहजिक आहे. या चुका तर सगळ्याच मराठी भाषकांच्या होतात.

‘आय ॲम वेटिंग सिन्स टेन डेज’: मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दहा दिवसांपासून’ दोन्हीकडे ‘पासून’ चालतं. इंग्रजीत वाट पाहायला कधी सुरुवात झाली ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’ आणि किती काळ झाला ते सांगायचं असेल तर ‘फॉर’. म्हणून ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टेन डेज’ किंवा ‘सिन्स मंडे’.

‘आय हॅड ऑर्डर्ड’: ‘मी मागवला होता’ यातल्या ‘होता’मुळे ‘हॅड’ येतो. एकच घटना तारखेसह सांगताना साधा भूतकाळ पुरतो. ‘आय ऑर्डर्ड इट ऑन फाइव्ह जून.’

‘यू पीपल’: मराठीतलं ‘तुम्ही लोक’. इंग्रजीत यात तुच्छतेचा सूर येतो. ‘युवर टीम’ किंवा ‘युवर कंपनी’ लिहा.

‘रिव्हर्ट बॅक’: उत्तर द्या असं म्हणायचं असेल तर ‘प्लीज रिप्लाय’ हे साधं आणि बरोबर आहे.

‘डू द नीडफुल’: जे काय करायचं ते करा. पण काय? तेच तर सांगायचंय. रिफंड हवा की बदली वस्तू, ते लिहा.

सगळी अक्षरं कॅपिटल: इंग्रजी वाचणाऱ्याला हे ओरडल्यासारखं वाटतं. तीन-तीन उद्गारचिन्हांचंही तसंच.

पत्त्याचीही एक अडचण आहे. शिंदखेडा हे नाव इंग्रजीत कुणी ‘एस-एच’ने लिहितं, कुणी नुसत्या ‘एस’ने. त्यात बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा आहेच. ऑर्डर, बिल आणि तक्रार तिन्हीकडे एकच स्पेलिंग ठेवा. सोबत तालुका, धुळे जिल्हा आणि पिनकोड लिहा.

माणसाला लिहायचं असेल तर?

कंपनीला लिहिणं वेगळं आणि ज्याच्याशी पुढेही संबंध ठेवायचाय त्याला लिहिणं वेगळं.

नोकरीसाठी निवड झाली नाही, तर उत्तरात नाराजी दाखवता येते, पण दार उघडं ठेवून. ‘थँक यू फॉर लेटिंग मी नो. आय ॲम डिसअपॉइंटेड, बट आय ॲप्रिशिएट द टाइम यू गेव्ह मी. प्लीज कीप मी इन माइंड फॉर फ्यूचर ओपनिंग्ज.’ कळवल्याबद्दल आभार, वाईट वाटलं, पण दिलेल्या वेळेची कदर आहे, पुढे जागा निघाली तर विचार करावा, असा याचा सूर आहे.

सहकाऱ्याने शेवटच्या क्षणी काम टाकून दिलं, तर ‘यू ऑल्वेज डू धिस’ असं लिहू नका. ‘तू नेहमी असंच करतोस’ म्हटलं की वाद ‘नेहमी’ या शब्दावर सुरू होतो. त्याऐवजी: ‘आय वॉज काउंटिंग ऑन द फाइल बाय फ्रायडे, सो आय वॉज डिसअपॉइंटेड व्हेन इट डिड नॉट कम. कॅन यू सेंड इट टुडे?’ शुक्रवारी फाइल येईल या भरवशावर होतो, आली नाही म्हणून वाईट वाटलं, आज पाठवशील का? इथेही तेच तीन प्रश्न आहेत.

सोशल मीडियावर कंपनीला टॅग करताना

जाहीर पोस्टमुळे उत्तर लवकर मिळू शकतं, पण तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, पोस्टमध्ये मोबाईल नंबर, पत्ता किंवा बँकेचा तपशील टाकू नका. अशा पोस्टवर लक्ष ठेवून ‘कस्टमर केअर’च्या नावाने बनावट खाती मेसेज करतात. ओटीपी मागितला किंवा ॲप डाउनलोड करायला सांगितलं तर थांबा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा.

दुसरी, ‘फ्रॉड’, ‘चीटर’, ‘थीफ’ हे शब्द नाराजीचे नाहीत, गुन्ह्याच्या आरोपाचे आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे. ‘माय रिफंड हॅज बीन पेंडिंग फॉर ट्वेंटी डेज’ हे वाक्य खरं असेल, तर ते शिवीपेक्षा जड पडतं.

तिसरी, कंपनीने दिलेल्या आश्वासनांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. काय ठरलं होतं, याचा पुरावा तोच असतो.

उत्तर आलंच नाही तर?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. दुसऱ्या मेलमध्ये ही मुदत शांतपणे लिहा: ‘माय कम्प्लेंट वॉज सेंट ऑन ट्वेंटी जून. इट हॅज नाउ बीन मोअर दॅन अ मंथ.’

बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ग्राहक म्हणून कोणतीही अडचण असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कंपनी बेंगळुरूची असली तरी शिंदखेड्याच्या ग्राहकाला धुळ्यात दाद मागता येते. त्यासाठी साधारणपणे २ वर्षांची मुदत असते. तिथे आधीचे मेल उपयोगी पडतात. तारखा असलेला साधा मेल तिथे कामाला येतो, नुसता राग व्यक्त करणारा येत नाही.

इंग्रजी खरंच लागते का?

प्रत्येक वेळी नाही. राज्य सरकारच्या कार्यालयाला तक्रार करायची असेल, तर मराठीत लिहा. मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा आहे. माहिती अधिकाराचा अर्जही इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, असं २००५ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट म्हटलंय. १९१५ वरही मराठीत बोलता येतं. तहसील कार्यालयाला मोडक्या इंग्रजीत अर्ज देण्यापेक्षा नेमक्या मराठीतला अर्ज कधीही चांगला.

जिथे इंग्रजी लागतेच, तिथे एआयची मदत घ्यायला हरकत नाही. पण तारीख, रक्कम आणि मागणी तुम्हीच द्या आणि पाठवण्याआधी तपासा. नाहीतर भाषा सुंदर आणि मुद्दा गायब, असा मेल तयार होतो.

पाठवण्याआधी तपासा

– काय ठरलं होतं ते तारखेसह लिहिलंय का?
– काय झालं ते एक-दोन वाक्यांत कळतंय का?
– ‘डिसअपॉइंटेड’ एकदाच आलाय का, आणि त्यापुढे ‘दॅट’, ‘विथ’ किंवा ‘बाय’ आहे का?
– नेमकं काय हवं आणि कधीपर्यंत, ते शेवटी आहे का?
– नाव, ऑर्डर नंबर आणि पत्त्याचं स्पेलिंग बिलाशी जुळतंय का?
– एखादं वाक्य उद्या आयोगापुढे वाचलं गेलं, तर अडचणीचं ठरेल का? ठरणार असेल तर ते आत्ताच काढा आणि मग मेल पाठवा.